भार आणि भारवाहक : बौद्धांच्या अनात्मवादाचा एक विसरलेला अध्याय

नाशिकजवळच्या त्रिरश्मि पर्वतावरील लेण्यांस आपण लौकिकांत पांडवलेणीं म्हणतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथें गेलों होतों. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरींत, मागच्या भिंतीवर, एक लांबलचक प्राकृत लेख कोरलेला आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावि ह्याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत, गौतमी बलश्री ह्या राजमातेनें हें लेणें भिक्षुसंघास दान दिलें, असें त्यांत नमूद आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्याच्या पराक्रमाचें व गुणांचें वर्णन करण्यांत ह्या मातेनें लेखाचा बराचसा भाग खर्च केला आहे. आणि शेवटीं, राजा पुळुमावीनें लेण्याच्या निर्वाहाकरितां एक गांव दिलें व त्या दानाचें पुण्य आपल्या पित्यास अर्पण केलें, असा अर्थ विद्वानांनीं लाविलेला आहे. हें सर्व मी समजावून सांगत असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, बौद्ध तर आत्मा मानीत नाहींत ना? मग हें पुण्य कोणाच्या पदरीं पडलें?"

प्रश्न सरळ होता, आणि मीं त्याचें पाठ असलेलें उत्तर दिलें. चाकें, आंस, दांडी इत्यादि अवयवांहून निराळा असा रथ ज्याप्रमाणें दाखवितां येत नाहीं, त्याप्रमाणें देह, वेदना, विचार इत्यादींहून निराळा असा 'मी' दाखवितां येत नाहीं; 'मी' हें एक सोयीचें नांव आहे, असें मीं सांगितलें. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें आणि आम्ही पुढच्या लेण्याकडे वळलों. घरीं परतल्यावर तो लेख पुन्हां वाचतांना मात्र माझी दृष्टि एका शब्दावर अडली. हें लेणें राणीनें सरसकट कोणत्याहि भिक्षूंना दिलेलें नाहीं. तें भद्रायणीय निकायाच्या भिक्षूंना दिलेलें आहे. आणि भद्रायणीय ही बौद्ध परंपरेप्रमाणें वात्सीपुत्रीयांची एक शाखा होय. ज्या भिक्षूंच्या घरांत उभें राहून मीं तें रथाचें उत्तर दिलें, त्या भिक्षूंच्याच परंपरेनें तें अपुरें म्हणून नाकारलें होतें! प्रस्तुत लेख हा त्या दिवशींच्या माझ्या उत्तराची दुरुस्ती आहे, असें वाचकांनीं समजावें.

आपल्या घरांतून 'बुद्धानें आत्मा नाकारला' हें वाक्य सर्रास ऐकूं येतें, व त्यापाठोपाठ 'म्हणजे तो शून्यवादी होता' हा निष्कर्षहि. तेव्हां बुद्धानें नेमकें काय नाकारलें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. लहानपणीं गीतेंतील जुन्या वस्त्रांचा दृष्टांत आपल्या कानांवर पडलेला असतो. देह बदलतो, परंतु तो धारण करणारा नित्य, अविकारी व अंतर्यामीं बसलेला स्वामी बदलत नाहीं, ही कल्पना आपल्या अंगवळणीं पडलेली असते. बुद्धाच्या काळीं आत्म्याविषयीं अशीं आणखी अनेक मतें प्रचलित होतीं. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत पाली शिकविणारे धर्मानंद कोसंबी ह्यांनीं आपल्या 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथांत एक सबंध प्रकरणच आत्मवादास दिलेलें आहे, तें जिज्ञासूंनीं अवश्य वाचावें.

सारनाथ येथें पंचवर्गीय भिक्षूंना बुद्धानें जो दुसरा उपदेश केला असें परंपरा मानते, त्याचा विषयच अनात्मता हा आहे. तेथें बुद्ध मनुष्याचें पांच स्कंधांत पृथक्करण करतो : रूप म्हणजे देह, वेदना म्हणजे सुखदुःखांचा अनुभव, संज्ञा म्हणजे ओळख, संस्कार म्हणजे मनाच्या प्रवृत्ति, आणि विज्ञान म्हणजे जाणीव. ह्या प्रत्येकाविषयीं त्याचा युक्तिवाद एकच आहे. हा देह जर खरोखर 'मी' असता, तर त्यावर माझी सत्ता चालली असती. तो आजारी पडूं नये असें म्हटल्याबरोबर तो आजारी पडला नसता. परंतु तशी सत्ता चालत नाहीं. जें बदलतें, जें दुःख देतें आणि जें आपलें ऐकत नाहीं, त्यास 'हें माझें, हा मी' असें म्हणणें योग्य नव्हे. ह्या युक्तिवादांत तत्त्वज्ञानापेक्षां वैद्यकाचाच स्वर अधिक आहे. कोठें हात घातला असतां भाजतें, एवढें बुद्ध दाखवून देतो. अंतिम सत्तेची मोजदाद करीत बसत नाहीं.

म्हणूनच वच्छगोत्त नांवाच्या परिव्राजकानें जेव्हां त्याला विचारलें कीं, आत्मा आहे काय, तेव्हां तो मौन राहिला; आणि मग, आत्मा नाहीं काय, असें विचारलें, तेव्हांहि मौनच राहिला. वच्छगोत्त निघून गेल्यावर आनंदानें ह्या मौनाचें कारण विचारलें. बुद्धाच्या उत्तराचा आशय असा कीं, 'आहे' म्हटलें तर तें शाश्वतवाद्यांच्या पक्षांत जाऊन बसतें, 'नाहीं' म्हटलें तर उच्छेदवाद्यांच्या. शिवाय तो बिचारा आधींच गोंधळलेला मनुष्य, आजवर असलेला आपला आत्मा आज हरवला, असें समजून अधिकच गोंधळला असता. 'बुद्धानें आत्मा नाकारला' हें वाक्य फेंकणाऱ्यांनीं हा प्रसंग दृष्टीआड करूं नये.

परंतु गुरूच्या मौनावर शिष्यांचें भागत नाहीं. त्यांना वादांत उभें राहावें लागतें, आणि समोरचा मनुष्य रोकडें उत्तर मागतो. असा सर्वांत प्रसिद्ध प्रश्नकर्ता म्हणजे यवन राजा मिनँडर, पाली ग्रंथांतील मिलिंद. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांत पंजाबांत त्याचें राज्य होतें. सागल, म्हणजे बहुधा आजचें सियालकोट, ही त्याची राजधानी. भिक्षु नागसेनाशीं झालेला त्याचा संवाद 'मिलिंदपञ्ह' ह्या ग्रंथांत आहे. रथाचा दृष्टांत त्यामुळें नागसेनाच्या नांवावर जमा झाला असला, तरी त्याच्याहि पूर्वीं संयुत्तनिकायांत वजिरा नांवाच्या भिक्षुणीच्या तोंडीं तो आलेला आहे, हें सांगितलें पाहिजे.

नागसेन आरंभींच म्हणतो कीं, नागसेन हें केवळ एक नांव आहे, त्याखालीं कोणी व्यक्ति सांपडत नाहीं. ह्यावर राजानें घेतलेला पहिला आक्षेप मोठा मार्मिक आहे. आत्म्याच्या अमरत्वाविषयीं तो चकार शब्द काढीत नाहीं. तो विचारतो, व्यक्तीच नसेल तर तुम्हांला चीवरें व भिक्षा देतो कोण? शील पाळतो कोण, आणि हिंसा करतो कोण? तुमचा कोणीं वध केला, तर तोहि वध ठरणार नाहीं! राजाची चिंता राजाला शोभेल अशीच आहे. त्याला न्यायासनावर बसावयाचें असतें; अपराध आहे आणि अपराधी नाहीं, असा व्यवहार त्याला चालणार नाहीं.

रथाचा दृष्टांत ह्या आक्षेपाचें अर्धेंच उत्तर आहे, आणि आपण शिक्षक मंडळी बहुधा एवढेंच अर्धें शिकवितों. उरलेलें अर्धें त्याच ग्रंथांत पुढें आहे. कोणी एकानें दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडला गेल्यावर तो म्हणूं लागला, ह्यानें जमिनींत पुरलेले आंबे निराळे होते, मीं तोडलेले आंबे निराळे. तर राजा त्याला सोडील काय? सोडणार नाहीं, कारण तोडलेले आंबे पुरलेल्या आंब्यांपासूनच झाले. तसेंच, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरींची ज्योत आणि शेवटच्या प्रहरींची ज्योत एकच म्हणतां येत नाहीं, आणि अगदीं वेगळीहि म्हणतां येत नाहीं. मनुष्याचेंहि असेंच आहे. करणारा आणि भोगणारा ह्यांच्यामध्यें न बदलणारा आत्मा नसला, तरी कार्यकारणाचा अखंड प्रवाह आहे. आणि जबाबदारी त्या प्रवाहाबरोबर वाहत येते. नागसेनानें आत्मा सोडला, पण चोराला सोडलें नाहीं.

एवढ्यानें सर्व बौद्धांचें समाधान झालें असतें, तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. बुद्धानंतरच्या पहिल्या कांहीं शतकांतच वात्सीपुत्रीय नांवाचा एक पंथ निघाला. त्याच्या पुढें ज्या शाखा झाल्या, त्यांत सम्मितीय व भद्रायणीय ह्या होत. त्यांनीं 'पुद्गल' नांवाची एक वस्तु मानली. जैन परिभाषेंत पुद्गल म्हणजे जड द्रव्य; बौद्धांच्या भाषेंत मात्र त्याचा अर्थ व्यक्ति, माणूस. हा पुद्गल म्हणजे पांच स्कंधच, असें म्हणतां येत नाहीं. आणि स्कंधांहून वेगळा असा कोणी, असेंहि म्हणतां येत नाहीं. इंधनावांचून अग्नि नाहीं, पण म्हणून इंधन म्हणजे अग्नि नव्हे. असा हा संबंध. तो वाणीनें सांगतां येत नाहीं, परंतु तो आहे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या हातीं बुद्धवचनाचा आधारहि होता. संयुत्तनिकायांतील एका सूत्रांत बुद्धानें भार कोणता व भारवाहक कोण हें सांगितलें आहे. पांच स्कंध हा भार. आणि भारवाहक म्हणजे पुद्गल, अमक्या नांवाचा, अमक्या गोत्राचा हा आयुष्मान्. ओझें आणि ओझें वाहणारा एकच असते, तर बुद्धानें त्यांस दोन नांवें कशाला दिलीं असतीं? वात्सीपुत्रीयांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, नुसता प्रवाह कोणाचा मित्र होत नाहीं, कोणाची क्षमा मागत नाहीं आणि मुक्तहि होत नाहीं. करुणा करावयाची तर ती कोणावर तरी करावी लागते.

हें मत कोणा चार बंडखोर भिक्षूंचें होतें असें कोणीं समजूं नये. परंपरेप्रमाणें अशोकाच्या काळीं पाटलिपुत्र येथील संगीतींत मोग्गलिपुत्त तिस्सानें सांगितलेला म्हणून जो 'कथावत्थु' ग्रंथ आहे, त्याचा पहिला व सर्वांत दीर्घ वाद ह्या पुद्गलावरच आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग भारतांत आला, त्यानें ठिकठिकाणच्या भिक्षूंची संख्या पंथवार नोंदविली आहे. वलभी येथें सुमारें १०० विहारांतून ६,००० भिक्षु राहत असून त्यांपैकीं बहुतेक सम्मितीय होते. सिंध प्रांतांत सम्मितीय भिक्षु १०,००० होते. त्याच्या सर्व आंकड्यांची बेरीज केली, तर हीनयान पंथांत सम्मितीयच सर्वांत मोठे भरतात. हर्षवर्धनाची भगिनी सम्मितीय मताची जाणती होती, असें ह्युएनत्संगाच्या चरित्रांत म्हटलें आहे. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट सारनाथची. १९०४-०५ च्या उत्खननांत तेथें अशोकाचा जो स्तंभ सांपडला, व ज्याचें सिंहशीर्ष १९५० पासून आपल्या राष्ट्राची मुद्रा झालें आहे, त्या स्तंभावर अशोकाच्या लेखाखेरीज गुप्तकालीन लिपींतील एक छोटा लेख आहे. त्यांत वात्सीपुत्रिक परंपरेंतील सम्मितीय आचार्यांचा उल्लेख आहे. जेथें अनात्मतेचा पहिला उपदेश झाला, त्याच भूमीवर कांहीं शतकांनीं भारवाहकाला मानणारे आचार्य नांदत होते.

ह्या मताचा सर्वांत समर्थ प्रतिपक्षी म्हणजे चवथ्या-पांचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला वसुबंधु. त्याच्या 'अभिधर्मकोशा'च्या भाष्याच्या शेवटीं पुद्गलाचें खंडन करणारें स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा पेंच असा : तुमचा पुद्गल खरी वस्तु आहे कीं केवळ नांव आहे? नांव असेल तर आपला वाद मिटला. वस्तु असेल तर ती कारणांपासून झाली कीं कारणांवांचून, तें सांगा. कारणांपासून झाली तर ती अनित्य. कारणांवांचून असेल तर तुम्हीं मागल्या दारानें आत्माच घरांत घेतला. मग प्रतिपक्षी विचारतो कीं, पाहिलें एका चित्तानें आणि आठवलें दुसऱ्या चित्तानें, हें कसें? मग देवदत्तानें पाहिलेलें यज्ञदत्ताला कां आठवूं नये? वसुबंधूचें उत्तर असें कीं, त्या दोघांच्या चित्तांत कार्यकारणसंबंध नाहीं म्हणून आठवत नाहीं. एकाच संतानांत मात्र पूर्वींच्या अनुभवाचें बीज पुढें रुजतें, आणि त्यालाच आपण स्मृति म्हणतों.

ह्या वादाच्या साधनांचा इतिहासहि मनोरंजक आहे. अभिधर्मकोशाचें मूळ संस्कृत भारतांतून नाहींसें झालें होतें. चिनी व तिबेटी भाषांतरांवर विद्वानांची भिस्त होती. रशियन पंडित श्चेरबात्स्की ह्यानें हें पुद्गलाचें प्रकरण १९१९ त इंग्रजींत आणलें तेंहि तिबेटीवरून. पुढें राहुल सांकृत्यायन ह्यांनीं तिबेटांतील विहारांतून संस्कृत पोथ्या हुडकून त्यांचीं छायाचित्रें आणलीं. त्यांच्या आधारें कारिकांचें संपादन पुण्याचे वा. वि. गोखले ह्यांनीं १९४६ त केलें, आणि संपूर्ण भाष्य प्रल्हाद प्रधान ह्यांनीं १९६७ त पाटण्यास प्रसिद्ध केलें. खंडनकाराचा ग्रंथ असा पुन्हां हातीं आला. परंतु ज्यांचें खंडन झालें, त्यांचें वाङ्मय बहुतेक सर्व लोपलें. चिनी भाषांतरांत उरलेले एखाद-दुसरे ग्रंथ सोडले, तर आज आपण त्यांचें मत ऐकतों तें त्यांच्या विरोधकांच्या तोंडून. न्यायालयांत एकाच बाजूचा वकील बोलावा, तशी ही स्थिति आहे. तेवढ्यावरून निकाल देण्याची घाई इतिहासाच्या अभ्यासकानें करूं नये.

हा प्रश्न ग्रंथांतच राहिला असता, तर त्याचें महत्त्व पंडितांपुरतेंच उरलें असतें. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि तो महाराष्ट्रांतील असंख्य घरांचा प्रश्न झाला. त्यांच्या निधनानंतर १९५७ त प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बौद्ध धर्माच्या अभ्यासकापुढील चार अडचणी मांडल्या आहेत. त्यांतली एक हीच : बुद्धानें आत्मा नाकारला आणि कर्म व पुनर्जन्म मात्र मानले, हें जुळावें कसें? मिलिंदाचा प्रश्न सुमारें २,१०० वर्षांनीं मराठी मातींत उभा राहिला. बाबासाहेबांना तो संवाद किती जवळचा होता, हें त्यांनीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, स्थापन केलेल्या महाविद्यालयाच्या मिलिंद ह्या नांवावरून व तेथील नागसेनवन ह्या परिसराच्या नांवावरून दिसतेंच.

त्यांचें उत्तर जुन्या दोन्ही पक्षांहून निराळें आहे. कर्माचा नियम ते सृष्टींतील नैतिक व्यवस्था म्हणून मानतात. पुनर्जन्म म्हणजे त्यांच्या मतें भौतिक तत्त्वांचें पुन्हां एकत्र येणें. आत्म्याचें एका देहांतून दुसऱ्यांत जाणें नव्हे. गतजन्मींच्या पापामुळें ह्या जन्मीं दारिद्र्य व हीनता वांट्याला येते, हा सिद्धांत ते साफ नाकारतात. कारण अशा सिद्धांताचा उपयोग दीनांच्या स्थितीची जबाबदारी समाजानें व राज्यानें झटकण्यापुरताच होतो, असें त्यांचें म्हणणें आहे. नागसेनानें जबाबदारी चोरावर ठेवली, बाबासाहेबांनीं ती समाजावरहि ठेवली.

ह्या दीर्घ वादाकडे पाहिलें असतां मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. नागसेन, वात्सीपुत्रीय, वसुबंधु आणि आंबेडकर ह्यांचीं उत्तरें एकमेकांस काटतात. पण ह्यांपैकीं कोणीहि 'मी नाहीं, म्हणून माझ्यावर दोष नाहीं' असें म्हटलेलें नाहीं. किंबहुना तसें कोणीं म्हणूं नये, ह्याच काळजीनें प्रत्येकानें आपलें उत्तर घडविलें आहे. अनात्मवाद म्हणजे नीतीचा पाया काढून घेणें, हा जो समज आपल्यांत रूढ आहे, त्याला इतिहासांत आधार नाहीं. आत्मा मानणाऱ्या समाजांत 'हें तुझें पूर्वसंचित' असें सांगून शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविलेली आपण पाहिली आहे. तेव्हां ह्या बाबतींत आपण दुसऱ्यास फार शिकवूं नये, हें बरें.

मध्यंतरीं मी पुन्हां एकदां एकटाच त्रिरश्मीवर जाऊन आलों. त्या तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागाखालीं धिप्पाड यक्षांच्या आकृति कोरलेल्या आहेत. त्यांचे पाय जमिनींत बुडाले आहेत आणि लेण्याच्या तुळया त्यांच्या खांद्यांवर आहेत; सबंध लेणें त्यांनीं पालखीसारखें उचलून धरलें आहे. शिल्पकाराच्या मनांत भारवाहकाचें सूत्र होतें, असें म्हणण्यास कांहींच पुरावा नाहीं; अशा आकृति अन्य लेण्यांतहि आढळतात. परंतु त्या ओसरींत ये-जा करणाऱ्या भद्रायणीय भिक्षूंना तें सूत्र ठाऊक असलेंच पाहिजे, आणि त्या खांद्यांकडे पाहून त्यांतल्या एखाद्याला तें आठवलें असेल, असें मला त्या दिवशीं वाटलें.

ती विद्यार्थिनी आतां कोठें असते, मला ठाऊक नाहीं. भेटली तर तिला सांगेन कीं, तुझ्या प्रश्नाला मीं दिलेलें उत्तर एका पक्षाचें होतें, आणि तें मीं दुसऱ्या पक्षाच्या घरांत उभें राहून दिलें. नागसेन म्हणेल, राणीच्या दानापासून निघालेला प्रवाह अजून वाहत आहे, त्यांत पुण्य ठेवावयास निराळी पेटी लागत नाहीं. त्या लेण्यांतले भिक्षु म्हणतील, प्रवाह खराच. पण पुत्राचे गुण आठवून दगडावर कोरविणारी ती माता कोणी तरी होती, आणि तिला नुसतें नांव म्हणणें आमच्यानें होत नाहीं. ह्यांपैकीं कोणतें खरें, तें तूंच ठरव. मीं त्या दिवशीं तुला वहींत उतरून घेण्याजोगें एक वाक्य दिलें. वास्तविक मीं तुला हा सबंध वादच द्यावयास हवा होता.